मृदाशास्त्रात विद्यापीठीय कारकीर्द : लेकीला होकार द्यावा का?

प्रश्न (एक आई, खारघर) :
माझी लेक दापोलीच्या कृषी विद्यापीठात पदवीच्या शेवटच्या वर्षाला असून, पुढे मृदाशास्त्रात एम. एस्सी. आणि पीएच. डी. करून विद्यापीठातच शिकवायचे तिने पक्के ठरवले आहे. आमच्या घरात या विषयाची माहिती कुणालाच नाही. या क्षेत्रातल्या माणसाचे आयुष्य नेमके कसे असते?

उत्तर (निवृत्त प्राध्यापक, ठाणे) :
ताई, एम. एस्सी.ची दोन आणि पीएच. डी.ची किमान तीन वर्षे धरा, शिवाय नेट ही अध्यापनासाठीची पात्रता परीक्षा अनेक जण देतात. त्यानंतरही जागा निघण्याची वाट पाहावी लागते. माझी पहिली पाच वर्षे हंगामी नेमणुकीवर गेली आणि तो काळ घराला जड गेला, हे लपवत नाही. काम मात्र मनापासून आवडले. शेतात पंधरा-वीस सेंटिमीटरचा खड्डा घेऊन कडेची माती खरवडायची, दहा-बारा ठिकाणची माती एकत्र करून तिचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे आणि अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहायचे. पुढे प्रयोगशाळेत सेंद्रिय कर्बाचे, म्हणजे कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातून मातीत आलेल्या कार्बनचे, अनुमापन करताना (थेंबथेंब रसायन घालून प्रमाण मोजताना) निळसर जांभळा रंग एका थेंबासरशी हिरवा होतो. तो थेंब चुकू न देण्याची शिस्त मी विद्यार्थ्यांना आधी शिकवत असे.

उत्तर (पनवेल) :
तिला एकदा पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्रात घेऊन जा. उन्हाळ्यात खाजणातल्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या, जमिनीवर क्षारांचा पांढरा थर येतो, पावसाने ते धुऊन गेले की भात लावता येते. अशा जमिनीसाठीच 'पनवेल १', 'पनवेल २' या क्षार सहन करणाऱ्या भातजाती तिथे तयार झाल्या. नवी मुंबईची कितीतरी वस्ती अशाच खाजणांवर उभी आहे, म्हणून हा विषय मला परका वाटत नाही.

उत्तर (ऐरोली) :
मृदाशास्त्रज्ञ रतन लाल यांचे उदाहरण तिला जरूर सांगा. लुधियाना आणि दिल्लीत शिकून त्यांनी १९६८ मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठाची पीएच. डी. मिळवली, नायजेरियात सुमारे सतरा वर्षे बिनानांगरणीच्या शेतीवर आणि पिकाचे अवशेष रानातच ठेवण्यावर प्रयोग केले, मग ओहायोला परतून प्राध्यापकी केली. जागतिक अन्न पुरस्कार त्यांना २०२० मध्ये, पंचाहत्तरी ओलांडल्यावर मिळाला.

प्रश्नकर्ती :
सर्वांचे मनापासून आभार. हंगामी नेमणुकीच्या वर्षांसाठी थोडी शिल्लक आत्तापासूनच बाजूला ठेवू. दिवाळीत ती घरी आली की आधी पनवेलला जाऊन येतो.