मामांसाठी पक्षी बघायची दुर्बीण घ्यायची आहे (चष्मा आहे, बजेट १२ हजार) – मदत हवी

नमस्कार मंडळी. माझ्या मामांना पक्षी बघायला चांगली दुर्बीण भेट द्यायची आहे. बजेट १२ हजार, खरोखरच फरक पडणार असेल तर १४ पर्यंत ताणेन. त्यापुढे मला जमणार नाही. शिवाय फार महागाची वस्तू आहे असं मामांना कळलं तर ते ती जपून कपाटात ठेवतील आणि वापरणारच नाहीत.

आधी मामांविषयी सांगते, म्हणजे सल्ला देणं सोपं जाईल. ते पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. घर निफाड तालुक्यात, नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्याला सायकलवर जाता येईल इतकं जवळ. आवर्तन सुटलं की रात्री-अपरात्री कालव्याच्या भरावावरून चकरा असायच्या, त्यातच पाखरांचा नाद लागला. शेकाट्या, वारकरी, थापट्या, चक्रवाक ही सगळी नावं मी शाळेत असताना त्यांच्याकडूनच शिकले. २०२० मध्ये नांदूर मध्यमेश्वर रामसर यादीत (महत्त्वाच्या पाणथळ जागांची आंतरराष्ट्रीय यादी) गेल्याचं जाहीर झालं, महाराष्ट्रातलं पहिलंच, तेव्हा त्यांनी मला फोन करून पेपरातली बातमी वाचून दाखवली होती. पण स्वतःची दुर्बीण त्यांनी कधी घेतली नाही. तिथल्या पक्षी बघायच्या मनोऱ्यावर कुणी पुण्या-मुंबईचं आलं की त्यांची मागून घ्यायची, जरा बघायचं आणि संकोचून लगेच परत द्यायची, असं आजवर चाललंय. मला त्यांना त्यांच्या हक्काची दुर्बीण द्यायची आहे.

वय ६७. बायफोकल चष्मा कायम डोळ्यावर. उजवं मनगट मोडून जुळलेलं आहे, त्यामुळे जड वस्तू फार वेळ वर धरवत नाही. बघायचं असतं ते मुख्यतः पाण्यावरचे पक्षी, तेही सकाळी लवकर, धुकं विरायच्या आत. निफाडची थंडी तुम्हाला माहीत असेलच. दुपारी घरामागच्या द्राक्षबागेत शिंजीर, वेडे राघू, कोतवाल.

मी थोडी माहिती काढली आहे. ८×४२ म्हणजे ८ पट मोठं दिसणार आणि पुढच्या भिंगाचा व्यास ४२ मिलिमीटर, इथवर कळलं. बाजारात '३०×६०' छापलेल्या स्वस्त दुर्बिणी मिळतात, त्यांच्या वाटेला जायचं नाही हेही कळलं. आता दोन नावांवर गाडी अडली आहे. एक निकॉन अक्युलॉन ए२११ ८×४२. ही जुन्या वळणाची, बाकदार खांद्यांची पोरो प्रिझमवाली (प्रिझम म्हणजे आतले प्रकाश वळवणारे काचेचे लोलक). वजन ७५५ ग्रॅम, बजेटमध्ये आरामात बसते. दुसरी निकॉन प्रोस्टाफ पी३ ८×४२. सरळ नळ्यांची, रूफ प्रिझम, ५६५ ग्रॅम, पण किंमत बजेटच्या टोकाला. सगळीकडे वाचते की कमी पैशात पोरोच चांगली दिसते. मग जास्त पैसे का घालायचे? की ८ ऐवजी १० पटीची घ्यावी, कारण तिथे पाणी लांबवर पसरलेलं आहे?

प्रतिसाद

ताई, बंधाऱ्यावर मी बऱ्याच वेळा गेलो आहे. पक्षी लांब असतात हे खरं, तरीही १० पट नको. हात जितका हलतो तो हलणंही दहापट मोठं होऊन दिसतं. मनगट अधू असेल तर बदकाचा डोळा दिसण्याऐवजी नुसती थरथर दिसेल. शिवाय १० पटीत दृश्याचा घेर आकसतो. उडता थवा शोधायचा तर घेर मोठा हवा. अगदी लांबचं बघायला तिथे वाटाड्यांकडे तिपाईवरचा स्कोप असतो, ते काम त्याचं.

१०×५० सुचवणारेही येतील, म्हणून आधीच लिहून ठेवतो. ४२ ला ८ ने भागलं की ५.२५ येतात. डोळ्याशी येणारा प्रकाशाचा गोल ठिपका तेवढ्या मिलिमीटरचा असतो, त्याला एक्झिट प्यूपिल म्हणतात. साठीनंतर आपली बाहुली अंधारातही साधारण ५ मिलिमीटरच्या आसपासच उघडते. म्हणजे पहाटेच्या उजेडासाठी ८×४२ मामांना पुरेपूर आहे. १०×५० मध्येही तो ठिपका ५ चाच, वजन मात्र जास्तीचं.

प्रतिसाद

पोरो स्वस्तात चांगली दिसते हे बरोबर आहे, आणि त्याला कारण आहे. रूफ प्रिझममध्ये प्रकाशाचे दोन भाग होऊन पुन्हा जुळतात. ते नीट जुळायला प्रिझमवर खास थर द्यावा लागतो, त्याला फेज कोटिंग म्हणतात. आरशासारखा आणखी एक थरही लागतो. हे काम खर्चिक. पोरोला यातलं काहीच लागत नाही, म्हणून तोच पैसा काचेत जातो. अक्युलॉनचा घेरही मोठा आहे, ८ अंश. पी३ चा ७.२. फक्त चित्राचा विचार केला तर तुमच्या बजेटमध्ये मी डोळे मिटून अक्युलॉन म्हटलं असतं.

पण मामांना चष्मा आहे, आणि इथे सगळा हिशेब उलटतो. आय रिलीफ हा आकडा बघा. डोळा भिंगापासून किती लांब असताना पूर्ण चित्र दिसतं, ते अंतर. अक्युलॉनचं १२ मिलिमीटर, पी३ चं २०.२. चष्म्याची काच मध्ये आली की डोळा आपोआप मागे जातो. चष्मेवाल्याला किमान १५-१६ तरी हवेत. १२ मध्ये त्यांना कडा कापलेलं, अरुंद चित्र दिसेल आणि तो ८ अंशांचा घेर कागदावरच राहील.

म्हणून एक प्रश्न: मामांच्या नंबरात सिलिंडर (बुबुळाची गोलाई सगळीकडे सारखी नसल्यामुळे लागणारा नंबर) आहे का? नुसता लांबचा किंवा जवळचा नंबर असेल तर चष्मा काढूनही बघता येतं, दुर्बिणीचं चाक तेवढा फरक भरून काढतं. सिलिंडर मात्र कोणतीच दुर्बीण भरून काढत नाही.

धागाकर्ती

हा प्रश्न माझ्या डोक्यातच आला नव्हता, खूप आभार. मामींना गुपचूप फोन करून डॉक्टरांच्या कागदाचा फोटो मागवला. उजव्या डोळ्याला सिलिंडर १.७५, डाव्याला ०.५०. तसंही मामा चष्मा काढून दुर्बीण लावतील, मग पक्षी उडाला की चष्मा शोधत बसतील, हे काही खरं नाही. म्हणजे चष्म्यासकटच बघायला हवं ना?

प्रतिसाद

हो, १.७५ म्हणजे चष्म्यासकटच. मग पी३, किंवा त्याच किमतीत १६ च्या वर आय रिलीफ असलेली दुसऱ्या कंपनीची कोणतीही ८×४२. मनगटासाठीही जवळपास २०० ग्रॅम कमी होतात, हा मोठा फायदा. पी३ मध्ये नायट्रोजन भरलेला असतो आणि ती पाण्यापासून सुरक्षित आहे, त्यामुळे थंडीत आतून धुकं धरत नाही. अक्युलॉन तशी नाही. बाहेरच्या काचेवर श्वासाची वाफ बसणारच, ती आपोआप जाऊ द्यायची, शर्टाच्या टोकाने पुसायची नाही.

द्यायच्या आधी तुम्ही स्वतः दुकानात जाऊन बघा, ऑनलाइन घेतली तर परत करायची मुदत असेपर्यंत घरी तपासा. दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडे करा. डोळ्याच्या बाजूच्या भिंगात पांढरा ठिपका दिसेल, तो स्वच्छ गोल हवा. कडेला करड्या सावल्या कापत असतील तर प्रिझम हलक्या प्रतीचं. मग पुढच्या भिंगात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघा. हिरवट-जांभळी झाक असेल तर कोटिंग आहे, लख्ख पांढरं असेल तर नाही. लाल-नारिंगी चकाकणारं भिंग नकोच. शेवटी लांबची विजेची तार बघा. ती दोन दिसली किंवा डोळ्यांवर ताण आला तर दोन नळ्या एका रेषेत नाहीत, तो नग बदलून मागा.

प्रतिसाद

बायफोकलबद्दल राहिलं. खालच्या वाचायच्या भागातून बघितलं तर सगळं पुसट दिसेल आणि मामांना वाटेल दुर्बीणच खराब आहे. काचेच्या वरच्या भागातून बघायचं. आयकप (डोळ्याशी टेकणाऱ्या गोल कडा) पूर्ण आत फिरवून ठेवायचे, ते चष्मा नसणाऱ्यांसाठी बाहेर काढतात. आणि पहिल्याच दिवशी तुम्ही सोबत बसून जुळवून द्या: उजवं भिंग झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला नीट दिसेल असं करायचं, मग डावं झाकून उजव्या आयकपजवळची कडी फिरवायची. ती कडी एकदा बसली की पुन्हा हात लावायची गरज नाही, पुढे फक्त मधलं चाक. कित्येक दुर्बिणी केवळ हे न केल्यामुळे घरात पडून असतात.

धागाकर्ती

पी३ नक्की केली. नाशिकला जाऊन हातात घेऊन, वर सांगितलेलं सगळं तपासूनच घेणार आहे. दिवाळीनंतर परदेशी बदकं उतरायला लागतात, त्याआधी मामांच्या हातात पडेल.

दोन गोष्टी अजून विचारायच्या होत्या. सोबत येतो तो गळ्यातला पट्टा मानेला काचतो असं वाचलं. खांद्यांवरून पाठीमागे जाणारा हार्नेस ५६५ ग्रॅमसाठी घ्यावा का, की रुंद पट्टा पुरे? आणि पावसाळ्यात बुरशी लागू नये म्हणून कापडी पिशवीऐवजी घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवायला सांगू का?

प्रतिसाद

हार्नेस घ्याच, वजन मानेवरून खांद्यांवर जातं आणि सायकलवर दुर्बीण छातीशी बसते, हेंदकाळत नाही. डबाही बरोबर. फक्त ओली झालेली दुर्बीण थेट डब्यात टाकू नका म्हणावं, आधी पंख्याखाली सुकू द्यायची. सिलिका जेल रंग बदलणारं घ्या, रंग उतरला की तव्यावर मंद आचेवर गरम करून पुन्हा वापरता येतं.