अनुभव धागा: हलकी रायफल आणि हलणारा नेम

गोदाकाठचा

दिवाळीत एअर रायफल घेतली. नवी, खोक्यातली. ४.५ मिलिमीटरची आणि २० ज्यूलच्या आतली, म्हणजे २०१६च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवाना न लागणारी. दुकानात तीन उचलून पाहिल्या आणि सगळ्यांत हलकी ती उचलली. तिथेच फसलो असं आता वाटतंय.

मामांच्या मळ्यात, मखमलाबादला, मातीचा उंच बांध आहे. त्याला २० मीटरवरून कागद लावला. दहा छर्रे मारले, ते जेवणाच्या ताटाएवढ्या जागेत विखुरले. मग नेटवर वाचत बसलो. स्प्रिंग बदला, ट्रिगर बदला, स्कोप लावा. रायफलच्या निम्म्या किमतीचा स्कोप लावून झाला आणि ग्रुप, म्हणजे छर्रे पडलेली जागा, ताटावरून ताटलीवर आला. मामी म्हणाल्या, "आता वाटीवर यायला घर विकणार का?"

म्हणून हा धागा. एअर रायफल असो, परवान्याची स्पोर्टिंग असो की परदेशातल्या मंडळींची शिकारीची. कंपनीतून आली तेव्हा किती नेमकी होती, काय बदललंत, कशाने खरंच फरक पडला आणि पैसे कुठे बुडाले, ते लिहा. दोन विनंत्या. इथल्या शिकारीचे किस्से नकोत; १९७२पासून वन्यजीव कायदा आहे आणि पाखरांवर एअरगन चालवणाऱ्यांनाही तो लागू आहे. दुसरं, परवान्याच्या हत्यारावर घरी कानस चालवल्याचे पराक्रम नकोत. ते काम परवानाधारक कारागिराचं.

तोफखाना_निवृत्त

२४ वर्षं तोफखान्यात काढली, आता देवळालीत घर आहे. तुमचा स्कोप काढून ठेवा आणि आधी हात सैल सोडा.

स्प्रिंगच्या एअर रायफलमध्ये ट्रिगर सुटला की जड पिस्टन पुढे धावतो, म्हणून रायफल मागे सरकते. पिस्टन पुढे जाऊन दाबलेल्या हवेवर आदळतो, तेव्हा ती पुढे झटका खाते. एवढं सगळं छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आत. रायफल हलकी असेल तर उडी मोठी. तुम्ही ती आवळून धरली असेल, तर दर वेळी आवळणं थोडं वेगळं, म्हणून उडीही वेगळी, आणि छर्रा तिसरीकडे.

डाव्या हाताचा तळवा उघडा ठेवा, त्यावर रायफल नुसती विसावू द्या. बोटांनी पकडायचं नाही. खांद्याला टेकेल इतपतच लावा. तिला उडी मारायची असेल तशी मारू द्या, फक्त दर वेळी तशीच मारू द्या. याला म्हणे आर्टिलरी होल्ड, म्हणजे तोफखान्याची पकड, म्हणतात. हे मला नातवाने मोबाइलवर दाखवलं! ज्याने उभी हयात गनची नळी मागे येऊन पुन्हा जागेवर जाताना पाहिली, त्याला नातू आर्टिलरी होल्ड शिकवतोय. पण नाव बरोबर आहे. तोफेचा धक्का आम्ही अडवत नव्हतो, त्याला यायला वाट देत होतो.

गोदाकाठचा

काका, आज करून पाहतो. आणि स्कोपमधली उभी रेघ तिरकी झालीय, ते काय?

तोफखाना_निवृत्त

स्कोप बंदुकीसाठीचा घेतला असणार. त्याला मागचा धक्का सोसतो, पुढचा उलटा झटका सोसत नाही. एअरगनसाठीचा वेगळा मिळतो. दुकानदाराने सांगायला हवं होतं, पण त्याला विकायचा होता.

मूळ_सिडको_सध्या_मोंटाना

माझी .३०८ काडतुसाची आहे, बोल्ट अ‍ॅक्शन (दर गोळीला हाताने खिट्टी ओढायची), स्कोपशिवाय २.९ किलो. इथे परवाना काढून, हंगामात, हरणापुरती. दिवसभर डोंगर चढायचा असतो, म्हणून प्रत्येक ग्रॅम मोजून घेतली. ब्रह्मगिरीच्या पायऱ्या चढलेल्या माणसाला पाठीवरच्या किलोभराचा फरक समजावून सांगायला नको.

पहिल्या दिवशी १०० यार्डांवर पहिल्या दोन गोळ्या चिकटून. तिसरी उजवीकडे वर, चौथी आणखी वर. रायफल बिघडली असं समजून दुकानात गेलो. दुकानातल्या म्हाताऱ्याने नळीला हात लावायला सांगितलं. चटका बसला. हलकी रायफल हलकी असते ती बऱ्याच अंशी नळी बारीक असल्यामुळे, आणि बारीक नळी तीन-चार गोळ्यांत तापते. जंगलात चौथी गोळी मारायची वेळ सहसा येतच नाही, पहिली थंड नळीतली गोळी कुठे जाते तेवढंच बघायचं. मग मी पाच रविवार रेंजवर गेलो, दर वेळी आधी एकच गोळी, त्याच एका कागदावर. पाचही माझ्या तळहाताखाली झाकल्या जातील अशा बसल्या. माझ्या कामाला पुरे.

तरी एक गडबड उरली. बायपॉड, म्हणजे पुढे टेकवायचे दोन पाय, लावला की नेम बदलायचा. दस्ता प्लॅस्टिकचा, पुढचा भाग दाबला तर वाकून नळीला टेकत होता. तपासायची रीत सोपी आहे: रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री करायची आणि नळी व दस्त्याच्या फटीतून कागदी नोट सरकवत मागे न्यायची. इथे लोक डॉलरची नोट वापरतात. माझ्या पाकिटात नाशिकहून आणलेली दहाची होती. ती अर्ध्यात अडकली. कारागिराकडून कडक दस्ता बसवून घेतला, आता दहाची नोट नळीच्या मुळापर्यंत जाते.

ट्रिगर बदलला तेही बरं झालं. आधीचा साडेतीन किलोच्या आसपास दाबावा लागायचा, म्हणजे रायफलच्या वजनाहून जास्त. अशा वेळी ट्रिगर आधी सुटतो की रायफल आधी हलते, याची शर्यतच.

पैसे बुडाले ते मझल ब्रेकमध्ये, म्हणजे धक्का कमी करायला नळीच्या तोंडाला लावतात त्या भागात. धक्का कमी झाला, पण आवाज असा की शेजारच्या बाकावरचा माणूस उठून गेला. आणि खरा गुन्हेगार मीच निघालो. मित्राने मला न सांगता मध्येच एक नकली काडतूस भरलं. ट्रिगर दाबला, बार झाला नाही, आणि नळीचं तोंड चांगलं दोन बोटं खाली गेलेलं सगळ्यांनी पाहिलं. हलक्या रायफलचा धक्का खाऊन खाऊन खांदा आधीच घाबरायला शिकला होता.

सातपूर_क्यूसी

मी रायफल चालवत नाही, एमआयडीसीत क्वालिटीत आहे. पण "तीन गोळ्यांचा ग्रुप इतक्या मिलिमीटरचा" वाचलं की हात शिवशिवतात. तीन नमुन्यांवर आम्ही बोल्टचं पिंपही पास करत नाही. रायफल तीच, हात तोच, तरी दहा गोळ्यांचा ग्रुप सरासरीने तीनच्या ग्रुपच्या दीडपटीहून मोठाच येणार. हे रायफलचं बिघडणं नव्हे, गणित आहे. काही कंपन्या तीन गोळ्यांवर एक मिनिट ऑफ अँगलची हमी देतात, म्हणजे १०० मीटरवर सुमारे २.९ सेंटिमीटर. हमी खोटी नाही, फक्त तीनची आहे.

नवा भाग बसवून तीन छर्रे मारायचे आणि "फरक पडला" म्हणायचं, यात निम्मे फरक नशिबाचे असतात. सिडकोवाले दादा, तुमचे पाच रविवार मला जास्त पटले.

मूळ_सिडको_सध्या_मोंटाना

बरोबर. आणि सर्वांत स्वस्त सुधारणा लिहायची राहिली: काडतुसं. १५०, १६५ आणि १८० ग्रेन वजनाच्या गोळ्यांची वेगवेगळी खोकी आणून पाहिली. एका खोक्याचा ग्रुप पसरट, एकाचा घट्ट. रायफलला हात न लावता.

इगतपुरीचा_पाऊस

वडिलांची .३१५ इशापूर कारखान्याची रायफल, परवाना रीतसर माझ्या नावावर झालाय. ती हलकी म्हणता येणार नाही, पण लाकडी दस्त्याचं दुखणं सांगतो. आमच्याकडे चार महिने भिंतीला बुरशी येते. लाकूड फुगतं आणि नळीला टेकतं. मे महिन्यात बरोबर असलेली रायफल ऑगस्टमध्ये डावीकडे मारायची. वडील म्हणायचे, "तिला थंडी झालीय." कारागिराने दस्ता आतून थोडा खरवडला आणि तेल पाजलं, तेव्हापासून सर्दी कमी आहे.

दुसरं दुखणं निवडणुकांचं. हत्यार ठाण्यात जमा करावं लागतं, ते मान्य. पण परत मिळाली तेव्हा मागच्या नेमपट्टीला टोला बसलेला होता. कुणी, कधी, विचारायची सोय नाही. आणि काडतुसं मोजून मिळतात, त्यामुळे क्यूसी साहेब, दहाचा ग्रुप काढायचा म्हणजे माझा वर्षाचा कोटा.

नेमबाजाची_आई

माझी मुलगी १० मीटर एअर रायफल स्पर्धेत खेळते. तिथे उलटं जग आहे. दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा आणि रायफलला साडेपाच किलोपर्यंत मुभा. आम्ही आधी हौसेने हलकी घेतली, बारा वर्षांच्या पोरीला पेलेल म्हणून. पेलली, पण थरथर थांबेना. सरांनी सुट्या भागांची आमची यादी बाजूला ठेवली आणि दस्त्याची लांबी व गालाची पट्टी तिच्या मापाने बसवली. दोन आठवड्यांत पोरगी शांत उभी राहायला लागली. उंची वाढली की पुन्हा माप घ्यायचं, शाळेच्या युनिफॉर्मसारखं. मग वजन हळूहळू वाढवलं.

स्वप्नील कुसाळे शाळेच्या वयात नाशिकला नेमबाजी शिकला. २०२४ला त्याने पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) कांस्य घेतलं, तेव्हा आमच्या सोसायटीतल्या दोघांनी विचारलं, "त्याच्यासारखी रायफल कितीला येईल?" मी म्हटलं, आधी पोराला पाऊण तास एका जागी उभं करून दाखवा.

छर्र्यांचं मात्र खरं आहे. एकाच नावाच्या दोन डब्यांतही फरक निघतो, म्हणून सर बॅच तपासून मग तेच डबे जास्तीचे घेतात.

गोदाकाठचा

कळवतो. काकांनी सांगितलं म्हणून स्कोप काढला. दस्त्याचे स्क्रू पाहिले, तर पुढचे दोन्ही बोटाने फिरत होते. घट्ट केले, तळवा उघडा ठेवला, तीन प्रकारचे छर्रे आणले. क्यूसी साहेबांच्या धाकाने प्रत्येकाचे दहा-दहा मारले. दोन प्रकार ताटलीतच राहिले. तिसऱ्याचे दहापैकी नऊ वाटीत. दहावा कुठे गेला ते बांधाला माहीत.

सातपूर_क्यूसी

दहावा मोजायचा असतो.

तोफखाना_निवृत्त

रविवारी सकाळी घेऊन या तिला, दहावा कुठे जातो ते बघू. मामींनाही आणा.