मदत हवी आहे: स्वयंचलित मालवाहू पॅराशूटच्या शेवटच्या वळणाची उंची कशी ठरवावी?

नमस्कार. हवा भरून पंखासारख्या फुगणाऱ्या पॅराशूटखाली मालाची पेटी जीपीएसच्या आधारे ठरलेल्या जागी उतरवणाऱ्या प्रणालीवर मी काम करत आहे. दोन मोटरी डावी-उजवी ब्रेकदोरी ओढून दिशा बदलतात आणि लक्ष्याजवळ घिरट्या घालून उंची कमी करण्यापर्यंतचा भाग समाधानकारक जमला आहे.

खरी अडचण वाऱ्याला सामोरे जाणाऱ्या शेवटच्या वळणाची आहे: जमिनीलगतचा वारा बहुधा वरच्यापेक्षा मंद असतो, त्यामुळे वर मोजलेल्या वाऱ्यावरून वळणाची उंची ठरवली की पेटी लक्ष्य ओलांडून पुढे पडते, आणि इंजिन नसल्याने तेव्हा काहीच सुधारता येत नाही.

जमिनीवर वारामापक न ठेवता खालच्या थरातील वाऱ्याचा अंदाज कसा बांधावा, की वळणाची उंची उतरता उतरता सतत नव्याने काढत राहणे अधिक योग्य ठरेल? अनुभवी सदस्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.