ब्लू जेजचे तरुण पिचर: धीर धरायचा तो किती?

उत्तरध्रुव:
टोरोंटो ब्लू जेज या बेसबॉल क्लबचा पिचर (चेंडू टाकणारा) ट्रे येसावेज याने २०२५च्या ऑक्टोबरात, प्लेऑफमध्ये (सीझननंतरच्या बाद फेऱ्यांत), काय काय दाखवलं ते आठवा. ५ तारखेला यांकीजविरुद्ध ५ इनिंग (एका इनिंगला तीन आउट) आणि वर एक आउट, हिट (फटका मारून बेस गाठणं) एकही नाही, ११ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर फलंदाज बाद). पुढच्याच स्टार्टला (मॅच सुरू करायच्या पाळीला) सिअ‍ॅटलने त्याला ४ इनिंगमध्ये ५ रन चोपले. २९ तारखेला वर्ल्ड सिरीजच्या (अंतिम फेरीच्या) पाचव्या मॅचला डॉजर्ससमोर ७ इनिंग, १२ स्ट्राइकआउट, वॉक (चार चेंडू बाहेर गेले की फलंदाजाला फुकट बेस) शून्य. वय २२. त्याच सीझनच्या सुरुवातीला हा मुलगा मायनर लीगच्या (मुख्य लीगखालच्या, खेळाडू घडवणाऱ्या लीगच्या) सिंगल-ए या खालच्या पातळीवर खेळत होता. सिअ‍ॅटलच्या त्या एका मॅचवरून मॅनेजर जॉन श्नायडरने निकाल लावला असता, तर पुढे तो माउंडवर (पिचरच्या उंचवट्यावर) दिसलाच नसता.

म्हणून मी म्हणतो, तरुण पिचरला किमान दोन सीझन द्या. याच क्लबमध्ये रॉय हॅलडे घडला. २७ सप्टेंबर १९९८, करिअरमधला दुसराच स्टार्ट, डेट्रॉइटविरुद्ध नो-हिटरला (एकही हिट न देता पूर्ण मॅच) एक आउट बाकी असताना बॉबी हिगिन्सनने होमरन (मैदानाबाहेरचा फटका) मारली. दोन वर्षांनी, २०००मध्ये, त्याच हॅलडेचा ईआरए १०.६४! (क्रिकेटवाल्यांसाठी: ईआरए म्हणजे पिचरच्या खात्यावर ९ इनिंगमागे पडलेले रन. ४च्या आसपास असला की बरा.) २००१मध्ये त्याला थेट डनीडिनला, मायनर लीगच्या बऱ्याच खालच्या पायरीवर धाडलं. २००३मध्ये २२ विजय आणि लीगमधल्या सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार. २०१९मध्ये हॉल ऑफ फेम.

रोखठोक:
हॅलडेचं नाव निघालं की जेजच्याच रिकी रोमेरोचंही निघायला हवं. २०११ला १५ विजय, ईआरए २.९२, ऑल-स्टार. २०१२ला ईआरए ५.७७ आणि १०५ वॉक, लीगमध्ये सर्वांत जास्त. तरीही क्लबने त्याला सीझनभर ३२ वेळा उतरवलं. तुम्ही म्हणता तो धीर हाच ना? पुढच्या वर्षी तो मायनरला गेला आणि रोटेशनमध्ये (आळीपाळीने मॅच सुरू करणाऱ्या पाच पिचरांत) परत कधी टिकला नाही.

आणि आपण खेळतो कुठे? यांकीज, रेड सॉक्स, रेज, ओरिओल्स यांच्या डिव्हिजनमध्ये (गटात). २०२५मध्ये जेज आणि यांकीज दोघांचेही ९४ विजय होते. डिव्हिजन जिंकली ती आपापसातल्या मॅचेसच्या हिशेबावर. अशा ठिकाणी मे महिन्यात एका पोराच्या शिकण्यापायी घालवलेल्या चार मॅचेस सप्टेंबरात भरून निघत नाहीत. तिकीट काढून रॉजर्स सेंटरला, जेजच्या मैदानावर, जाणाऱ्याने पहिल्याच इनिंगला तीन वॉक का बघायचे?

डावखुरा:
दोघेही निकालांवर भांडताय. पोरगा बिघडतो कशाने, ते आधी बघू.

माउंडवरची पट्टी ते होम प्लेट (फलंदाजाजवळची पाटी) अंतर ६० फूट ६ इंच. पिचर पुढे झेपावून चेंडू सोडतो, त्यामुळे प्रत्यक्षात उरतात साधारण ५५ फूट. हातातून सुटताना दिशा एका अंशाने चुकली तर प्लेटपाशी चेंडू जवळजवळ २९ सेंटिमीटर बाजूला जातो. प्लेटची रुंदी ४३. म्हणजे मधोमध टाकायचा चेंडू एका अंशाच्या चुकीने बाहेर. तरुण पिचरचं बहुतेक वेळा बिनसतं ते पुढच्या खांद्यापाशी. पुढचा पाय जमिनीला लागायच्या आत तो खांदा उघडतो, मग हात मागे राहतो आणि चेंडू वर, हाताच्या बाजूला निसटतो. उजव्या हाताच्या पिचरचे वाइड चेंडू उजव्या फलंदाजाच्या छातीकडे जायला लागले की समजा, हेच चाललंय.

मग काउंट होतो दोन बॉल (बाहेर गेलेले चेंडू), शून्य स्ट्राइक (प्लेटवरून नीट गेलेले). आता पोराचा स्लायडरवर (बाजूला वळणाऱ्या चेंडूवर) भरवसा नसतो, कारण तो बाहेर गेला तर ३-०. फलंदाजालाही हे पक्कं ठाऊक असतं, तो फास्टबॉलचीच वाट बघत उभा. पोरगा नेम साधायला वेग थोडा आवरतो आणि चेंडू बरोबर मधोमध ठेवतो. होमरन त्या चेंडूवर बसते, पण घात पहिल्या दोन चेंडूंनी केलेला असतो. म्हणून मी स्कोअर नंतर बघतो, आधी पहिला चेंडू स्ट्राइक पडतोय का ते बघतो.

हॅलडेच्या बाबतीतही नुसतं थांबून काही झालं नाही. त्याचा फास्टबॉल वेगवान होता पण सरळसोट, आणि तो टाकायचा खांद्यावरून उभ्या हाताने. क्लबचा पिचिंग शिकवणारा मेल क्वीन, त्याने हात खाली आणून तिरका केला. त्यामुळे चेंडू शेवटी हलायला लागला, मग सिंकर (खाली बुडणारा चेंडू) आणि कटर (किंचित बाजूला सरकणारा) यांवर मेहनत. तीनेक महिने हे सगळं मायनरमध्ये, आणि जुलैत परत. २००१चा ईआरए ३.१६. रोमेरोला मात्र २०१२मध्ये दर पाचव्या दिवशी तेच मोडकं यंत्र घेऊन उभं केलं. दोघांमधला फरक मला इथे दिसतो.

हिशेबनीस:
डावखुरा यांना दुजोरा, पण 'दोन सीझन द्या' हे नियमांत बसवून बघा. २६ जणांच्या टीममधून मायनरला मोकळेपणाने पाठवायला खेळाडूमागे साधारण तीन ऑप्शन वर्षं मिळतात. एका सीझनमध्ये २० दिवस खाली काढले की एक वर्ष खर्ची. २०२२पासून एका सीझनमध्ये पाचच वेळा खाली पाठवता येतं आणि पाठवलेला पिचर साधारणपणे १५ दिवस परत येऊ शकत नाही. ऑप्शन संपले की वेव्हर्स, तिथे कुठलाही क्लब त्याला उचलू शकतो. धीराला ही मुदत आहेच.

दुसरं, कुठला आकडा कधी खरा मानायचा? स्ट्राइकआउटचं प्रमाण साधारण ७० फलंदाजांनंतर बोलायला लागतं, वॉकचं १७०च्या आसपास. एका स्टार्टला २२-२३ फलंदाज येतात. म्हणजे स्ट्राइकआउटसाठी तीन-चार स्टार्ट, वॉकसाठी सात-आठ. ईआरएला त्याहून कितीतरी जास्त, कारण त्यात फिल्डिंग आणि नशीब दोन्ही मिसळलेलं असतं. तीन स्टार्टच्या ईआरएवरून पोराला बू करणं चूकच. पण आठ स्टार्टनंतरही वॉक तितकेच असतील, तर रोखठोक यांचं बरोबर.

रोखठोक:
मग याच मोजमापाने जेजचा पिचर अ‍ॅलेक मॅनोआ बघा. २०२२ला १९६ इनिंगमध्ये ५१ वॉक, ईआरए २.२४, साय यंगच्या मतदानात तिसरा. २०२३ला ८७ इनिंगमध्ये ५९ वॉक. म्हणजे निम्म्याहून कमी इनिंगमध्ये जास्त वॉक. जूनमध्ये ह्यूस्टनने पहिल्याच इनिंगमध्ये ६ रन काढले, तो त्याचा १३वा स्टार्ट. तुमचे सात-आठ कधीच उलटून गेले होते. मेच्या मध्यावर पाठवायला हवं होतं, महिना फुकट गेला. खाली पाठवल्यावर फ्लोरिडात कोवळ्या पोरांच्या लीगमध्येही त्याला ११ रन पडले.

उत्तरध्रुव:
मॅनोआला उशिरा पाठवलं, हे मान्य. पण घाईचाही हिशेब मांडा. क्रिस कार्पेंटर हा जेजचाच १९९३चा पहिल्या फेरीतला ड्राफ्ट (नव्या खेळाडूंची क्लबांनी केलेली निवड). कधी झकास, कधी भुईसपाट. २००२मध्ये खांद्याची दुखापत झाली, क्लबने मुख्य टीम आणि राखीव मिळून असलेल्या ४० जणांच्या यादीतून काढलं आणि तो सेंट लुइसला गेला. त्यांनी २००३ पूर्ण वाया जाऊ दिलं. २००५ला २१ विजय आणि साय यंग, पुढे २००६ आणि २०११ला वर्ल्ड सिरीज. ते एक वर्ष थांबणं टोरोंटोला जमलं असतं. मला ते आजही लागतं.

रोखठोक:
कार्पेंटरचं मानलं. दुखापतीतून सावरणाऱ्याला वेळ द्यायलाच हवा. पण हातापायाने धडधाकट असलेला आणि तरी प्लेट न सापडणारा पिचर वरच्या टीममध्ये नको, या मतावर मी ठाम आहे. शिकायला बफेलोची मायनर टीम आहे.

डावखुरा:
धडधाकट आहे की नाही, हेच बाहेरून कळत नाही हो. मॅनोआने २०२१ला सगळं मिळून १३० इनिंग टाकल्या होत्या, २०२२ला एकदम १९६. २०२३ला वेग साधारण ताशी मैलभर उतरला आणि २०२४ला कोपराच्या लिगामेंटचं ऑपरेशन. वाढलेल्या इनिंगमुळेच झालं असं मी म्हणणार नाही, ३० इनिंगपेक्षा जास्त वाढ नको हा ठोकताळा पक्का सिद्ध झालेला नाही. पण वेग आणि नेम एकदम गेले की आधी हात तपासावा, मग खाली पाठवायचं बोलावं.

येसावेजने २०२५मध्ये मायनर, सीझन आणि प्लेऑफ धरून साधारण १४० इनिंग टाकल्या. त्याचा स्प्लिटर (शेवटी खाली पडणारा चेंडू) चालतो तो फास्टबॉलही उंचावरून त्याच जागेतून सुटतो म्हणून. दमला की हात खाली येतो आणि स्प्लिटर खाली पडायच्या ऐवजी कमरेएवढा तरंगतो. वाईट दिवशी बू करण्याआधी तेवढं बघा: चेंडू सुटण्याची उंची पहिल्या इनिंगला किती होती आणि चौथ्या इनिंगला किती.