विषय: एसटीपीच्या पहाटे काय खायचं?

बॉथेलहून:

सर्वांना नमस्कार,

यंदा आम्ही दोघं पहिल्यांदाच सिॲटल ते पोर्टलंड ही सायकल राइड (एसटीपी) करतोय. दोन दिवसांत, मधला मुक्काम सेंट्रेलियाला. (आईला फोनवर 'एसटीपी' म्हटलं तर तिला वाटलं एसटीने चाललोय.) सायकली सर्व्हिस करून आणल्या, जादा ट्यूब घेतल्या, सगळं झालं. अडलंय ते खाण्यावर. ऑफिसातले सगळे पीनट बटर घातलेलं ओटमील सांगतात, पण पहाटे ते माझ्या घशाखाली उतरत नाही. सासूबाई म्हणतात, "साबुदाण्याची खिचडी खाऊन जा, दिवसभर भूक लागत नाही." आपल्यापैकी कुणी ही राइड केली असेल तर सांगा ना, काय खाल्लं होतं आणि किती वाजता?

रेंटनचे काका:

अगं, एवढा काय विचार करतेस! आम्ही कॉलेजात असताना पुण्याहून सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत निव्वळ चहावर जायचो. सायकली खाली लावायच्या, गड चढायचा आणि वर पिठलं-भाकरी, मडक्यातलं दही. कुणी ग्रॅम मोजले नाहीत. तुमच्या पिढीला सगळं पाकिटात लागतं.

रेडमंडहून:

काका, साष्टांग दंडवत. पण सिंहगडाचा पायथा पुण्यापासून पंचवीस-तीस किलोमीटर. तेवढं आदल्या रात्रीच्या जेवणावर निघतं. स्नायूंत आणि यकृतात मिळून साधारण 400-500 ग्रॅम साखर साठवलेली असते, ती जोरात सायकल हाणली तर दीड-दोन तासांत उतरणीला लागते. एसटीपी 200 मैलांच्या वर आहे. दोन दिवसांत केली तरी रोजचे शंभर.

आता सासूबाईंचा सल्ला. खिचडीने दिवसभर भूक लागत नाही हे शंभर टक्के खरं, आणि घोळ तिथेच आहे. माझाच किस्सा सांगतो. 2022 ची आषाढी. पुण्यात एकादशी रविवारी, इकडच्या पंचांगाने शनिवारी. आई तेव्हा इथे होती. वाद नको म्हणून तिने दोन्ही दिवस खिचडी केली. शनिवारी सकाळी सहाला मी ताटभर खाल्ली, वर तुपाची धार, बाजूला दही. सातला स्नोहोमिशहून सेंटेनियल ट्रेलवर. जाऊन-येऊन साठ मैलांचा बेत.

पहिले दहा मैल साबुदाणा गळ्याशी. करपट ढेकर. पोट इतकं जड की खिशातल्या खजुरांना हात लावावासा वाटेना, पाणीसुद्धा घोट-घोट. आर्लिंग्टनला मित्र म्हणाला, काहीतरी खा. मी म्हटलं, पोट भरलंय. परतताना लेक स्टीव्हन्सच्या अलीकडे पाय गेले. दुखत वगैरे नव्हते, गेलेच. सपाट रस्ता आणि मला वाटतंय घाट चढतोय. डोळ्यांपुढे काजवे. ट्रेलच्या कडेला गवतात बसलो, तर कुत्र्याला फिरवणाऱ्या एका आजींनी पिशवीतून केळं काढून दिलं. वीस मिनिटांनी उठता आलं. इकडचे सायकलवाले याला 'बॉंक' म्हणतात.

साबुदाण्याचा दोष नाही, तो निव्वळ पिष्ट. दोष दाण्याच्या कुटाचा आणि तुपाचा. शेंगदाण्यात जवळजवळ निम्मं तेल असतं, आणि स्निग्ध पदार्थ जठरातून सावकाश पुढे सरकतात. म्हणून भूक लागत नाही, आणि म्हणूनच मी वाटेत खाल्लं नाही. ऑफिसवाल्यांचं पीनट बटरही त्याच जातीचं.

मग काय खायचं? शुक्रवारी रात्री वरण-भात किंवा मऊ खिचडी, लवकर आणि बेताने. उसळ, मिसळ, कच्ची कोशिंबीर त्या रात्री नको, सेंट्रेलियाच्या आधीची रांग कसली असते ते तुम्हाला कळेलच. निघण्याच्या दोन तास आधी किलोमागे साधारण दोन ग्रॅम कर्बोदकं घ्यावीत असा सर्वसाधारण हिशोब. म्हणजे 70 किलोच्या माणसाला 140 ग्रॅम. शंभर ग्रॅम कोरड्या पोह्यांत पंचाहत्तरच्या आसपास मिळतात, दोन केळ्यांत पन्नास-पंचावन्न. उरलेलं चहातल्या साखरेतून. पोहे करताना फोडणीला चमचाभरच तेल, दाणे नाहीत, कांदा नावाला. शंभर ग्रॅम भिजवल्यावर मोठा बाऊल होतो. मी रात्रीच चिरून-निवडून ठेवतो आणि तीनला उठून फोडणी देतो. बायको खोलीचं दार लावून घेते.

एवढं खरंच जाणार नसेल तर निम्मे पोहे खा आणि उरलेलं सायकलवर. पहिल्या अर्ध्या तासातच सुरुवात करायची, भुकेची वाट बघायची नाही. तासाला 30 ते 60 ग्रॅम. मी मेदजूल खजूर नेतो, एकात अठराएक ग्रॅम. शिवाय मीठ लावलेले उकडलेले छोटे बटाटे. पुयॅलपची टेकडी पहिल्या पन्नास मैलांतच येते, ती चढताना काही चावता येत नाही, त्यामुळे आधी खाऊन घ्या.

आणि हे सगळं पुढच्या दोन रविवारी करून बघा. राइडच्या पहाटे पहिल्यांदा काही खायचं नाही, माझे पोहेसुद्धा.

केंटच्या डॉक्टर ताई:

वरचं ठीक आहे, दोन गोष्टी जोडते. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असलेल्यांनी हे आकडे जसेच्या तसे उचलू नयेत. एवढ्या व्यायामात साखर अचानक उतरते, तेव्हा आपल्या डॉक्टरांशी डोस ठरवूनच जा. (काका, तुमच्याकडेच बघतेय.) दुसरं, जुलैच्या उन्हात तासन्‌तास नुसतं पाणी ढोसत राहू नका, रक्तातलं सोडियम उतरतं. तहानेप्रमाणे प्या आणि त्यात मीठ असू दे.

रेंटनचे काका:

बघ बघ. सिंहगडावरच्या दह्यात मीठ असायचं.

बॉथेलहून:

खूप खूप आभार! रविवारी पोहे खाऊन लेक वॉशिंग्टनला फेरी मारली. साडेचारला उठले, निम्मेच गेले, पण ढेकर नाही. नवऱ्याने चाळीसाव्या मैलाला "मी मजेत आहे" म्हटलं, असं तो सहसा म्हणत नाही. दोन प्रश्न: बाटलीत कोकम सरबत चालेल का? आणि गूळपोळी?

रेडमंडहून:

कोकम झकास. साखर आहे, मीठ आहे, आणि तीन तासांनी गोडाचा वीट येतो तेव्हा ते आंबट फार बरं वाटतं. फक्त जिरेपूड गाळून घ्या, बाटलीच्या तोंडात अडकते. गूळपोळीत तीळ, खसखस आणि तूप, शिवाय उन्हात चिकट लगदा होतो. ती पाठीच्या खिशात ठेवण्याची चूक मीच एकदा केली, जर्सी दोनदा धुवावी लागली. त्यापेक्षा साध्या पोळीला गूळ चोळून सुरळी करा, फॉइलमध्ये दोन-दोन घासांचे तुकडे.

केंटच्या डॉक्टर ताई:

माझ्याकडे मालवणहून आलेलं कोकमाचं आगळ आहे, दोन बाटल्या. गुरुवारी संध्याकाळी घेऊन जा, नाहीतर काका संपवतील.

बॉथेलहून:

येते! सासूबाईंना सगळी मेल वाचून दाखवली. त्यांचं म्हणणं, मग खिचडी रविवारी पोर्टलंडला. त्या गाडीने पुढे जाणार आहेत, इलेक्ट्रिक शेगडी आणि भिजवलेला साबुदाणा घेऊन. दाणे सढळ हाताने घालणार म्हणाल्या. कोण कोण आहे ते कळवा, तेवढा भिजवायला बरं.