उवांची साक्ष आणि रोहित पक्षी

असं म्हणतात की दोन पक्ष्यांच्या अंगावर एकाच जातकुळीच्या उवा असतील तर ते पक्षी नातेवाईक समजायला हरकत नाही. बरोबर वाटतं, पण रोहितने म्हणजे फ्लेमिंगोने इथेच सगळ्यांना गंडवलं होतं. पिसांतली ऊ अख्खं आयुष्य एकाच पक्ष्यावर काढते आणि बहुतेक वेळा आईबापाकडून पिलाकडे जाते, त्यामुळे यजमान बदलायचा चान्स कमीच. आता फ्लेमिंगोच्या उवा बदकांच्या उवांसारख्या, म्हणून कित्येक वर्षं लोक म्हणायचे की हा बदकांचाच भाऊबंद. मग डीएनए तपासल्यावर कळलं की बदकं कोंबड्यांच्या जवळची, आणि 2001 मध्ये फ्लेमिंगोचा सख्खा कोण निघाला तर टिबुकलीचं घराणं, म्हणजे ग्रीब! ती इवलीशी डुबकी मारणारी आणि हा लंबूटांग, दिसण्यात काही म्हणजे काही साम्य नाही (भिगवणला दोघं एकाच पाण्यात बघितलेत, तरी मला कधी शंका आली नाही). 2014 च्या 48 पक्ष्यांच्या जीनोमवाल्या (म्हणजे अख्खा डीएनए वाचणाऱ्या) मोठ्या अभ्यासातही हेच आलं.

पण खरी गंमत 2006 ची, उवांचाच डीएनए काढला तर फ्लेमिंगोच्या आणि ग्रीबच्या उवाही एकमेकींच्या जवळच्या निघाल्या, आणि बदकांवर ज्या आहेत त्या फ्लेमिंगोवरून तिकडे गेलेल्या. म्हणजे उवा खोटं बोलत नव्हत्या, आपण साक्ष उलटी वाचत होतो.