वीटभट्टीवरच्या कातकरी मुलांसाठी शाळा-अंगणवाडी: आधी काय करावं?

कोलशेतकर
ठाण्यातून आम्ही चौघं दर रविवारी भिवंडी तालुक्यात, खारबावच्या बाजूला एका भट्टीवर जातो. नऊ कातकरी कुटुंबं आहेत, काही शहापूरची, काही मोखाड्याची. मुलं 17, त्यातली 8 सहा वर्षांखालची. जवळच्या शाळेत विचारलं तर म्हणाले दाखला आणा, आधार आणा. पूर्ण कागद कुणाकडेच नाहीत. दोन पोरं फारच बारीक दिसतात. आधी आधार आणि जातीच्या दाखल्यांचं शिबिर लावून मग शाळेकडे वळावं असं चाललंय. बरोबर आहे का?

भातसाकाठ
उलटं चाललंय, दादा. शिबिराच्या नादात मार्च उजाडेल आणि पावसाआधी भट्टी उठेल. खाणं, लस आणि शाळा यांपैकी एकही गोष्ट जातीच्या दाखल्यावाचून अडत नाही.

त्या दोन पोरांसाठी पुढच्या रविवारची वाट बघू नका. आशाताईंकडे दंडघेराची पट्टी असते. डावा दंड, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर, हात सैल सोडलेला. पट्टी आवळली की आकडा खोटा येतो. 6 महिने ते 5 वर्षांच्या मुलाचा घेर 11.5 सेंमीच्या खाली म्हणजे तीव्र कुपोषण, 11.5 ते 12.5 म्हणजे मध्यम. दोन्ही पावलांवर अंगठा तीन सेकंद दाबून बघा. खळगा राहिला तर सूज आहे. मग पट्टी काहीही म्हणो, मूल थेट दवाखान्यात. ताप, जुलाब असतील किंवा भूकच मेली असेल तरी पोषण पुनर्वसन केंद्र. बाकीच्यांचं गावपातळीवरच्या बालविकास केंद्रात भागतं.

आता खरी मेख. भट्टीवर विटा पाडायचं काम पहाटे, कधी मध्यरात्रीच सुरू होतं. आई-बाप गाऱ्यात, आणि तान्हं नऊ वर्षांच्या थोरलीच्या कडेवर. तिला शाळेत घातलंत तरी आठवड्यात गळणार. म्हणून अंगणवाडी आधी, शाळा नंतर. सेविका म्हणेल नाव गावच्या अंगणवाडीत आहे. नवी नोंद टाकायला लावू नका, दुबार म्हणून अडकते. मूळ गावच्या सेविकेला फोन लावून पोषण ट्रॅकरवर (अंगणवाडीचं सरकारी ॲप) स्थलांतर दाखवायला सांगा. तीन वर्षांखालच्यांना घरी न्यायचा आहार मिळतो, तीन ते सहाच्यांना तिथेच गरम जेवण. अंगणवाडीची वेळ शाळेच्या वेळेशी जुळते का तेवढं बघा. नाही जुळली तर थोरली पुन्हा घरीच.

लसीचं कार्ड हरवलं असेल तर डोस पहिल्यापासून देत बसायचं नसतं, राहिलेले तेवढे पुरे करतात. गोवर-रुबेलाचे दोन डोस आधी विचारा.

खडूफळा
शाळेचं सांगतो. शिक्षण हक्क कायदा 2009, कलम 14: वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. कलम 5: आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला हे कारण चालत नाही. कलम 4: वयानुरूप वर्ग. दहा वर्षांच्या मुलाला पहिलीत बसवलं की ते लाजेनंच पळतं, हे मास्तरांना समजावून सांगा. अर्ज तोंडी करू नका. लेखी द्या, पोच घ्या, एक प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना.

गावच्या शाळेतून दाखला काढायच्या फंदात मात्र पडू नका. शिक्षण हमी कार्ड मागा. मूळ शाळेत नाव राहतं आणि मूल इथे बसतं. जाताना इथल्या शाळेने कार्ड भरून परत द्यायचं, नाहीतर जूनमध्ये गावच्या हजेरीत गैरहजेरीच दिसते. पोरं एकेकटी वेगवेगळ्या बाकांवर विखुरू नका, पहिले पंधरा दिवस जोडीनं बसू द्या. आणि शाळेच्या व्हॉट्सॲप गटावर त्यांचे फोटो टाकणं बंद.

नमुना14
कागदांचं शिबिर पुढे घ्याल तेव्हा: अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी पुरावा 6 सप्टेंबर 1950 पूर्वीच्या वास्तव्याचा लागतो आणि अर्ज मूळ तालुक्याच्या प्रांताकडे (उपविभागीय अधिकाऱ्याकडे) जातो, भिवंडीत राहतात म्हणून भिवंडीत नाही. मोखाडा 1 ऑगस्ट 2014 पासून पालघर जिल्ह्यात आहे. आजोबांच्या कागदावर ‘जि. ठाणे’ असलं तरी ठाण्यात खेटे घालू नका. कर्जतकडची कुटुंबं भेटली तर जुन्या कागदावर ‘कुलाबा’ दिसेल, तो आजचा रायगड. नोंदीत काथोडी असो की कातकरी, राज्याच्या यादीत दोन्ही एकाच नोंदीत आहेत. पण आजोबा काथवडी, बाप कातकरी आणि मुलगा नुसता ‘हिंदू’ असं निघालं की प्रकरण रखडतं. शाळेत नाव घालताना जमात नीट लिहून घ्या, हा फुकटचा पुरावा आहे.

जन्मनोंद आहे पण नावाची जागा कोरी, असं फार सापडतं. ते नाव 15 वर्षांपर्यंत घालता येतं. मूळ कागद स्वतःकडे ठेवू नका, फोटो काढून तिथल्या तिथे परत.

रेशन: आदिम जमातीची कुटुंबं (कातकरी त्यातलेच) अंत्योदयच्या निकषात बसतात, म्हणजे कार्डामागे महिन्याला 35 किलो. ते भिवंडीच्या दुकानातही अंगठ्यावर उचलता येतं. कार्ड गावी कुणाकडे गहाण पडलंय म्हणतील. कार्डाचा नंबर आणि आधार असला की चालतं.

कोलशेतकर
फार उपयोग झाला. एक अडचण: आजारी पोराला घेऊन आईला दवाखान्यात जाऊ द्यायला मालक तयार नाही. म्हणतो, उचल (आधी दिलेले पैसे) फिटेपर्यंत कुणी हलायचं नाही.

भातसाकाठ
मग ही नुसती शाळेची गोष्ट राहिली नाही. उचलीपोटी माणूस अडकवून ठेवणं ही वेठबिगारी, 1976 चा कायदा. मुक्तता झाली की उचल फेडायची जबाबदारीच संपते. मालकाशी भट्टीवर वाद घालू नका, रातोरात कुटुंब दुसरीकडे हलवतात. किती उचल, कधी घेतली, हजारी (हजार विटांमागची मजुरी) किती, खर्ची (वरखर्चाचे पैसे) किती मिळते, हे कुटुंबाकडून ऐकून लिहून घ्या आणि अर्ज थेट जिल्हाधिकारी किंवा प्रांताकडे. मुक्तीचं प्रमाणपत्र हातात पडल्याशिवाय पुनर्वसनाची मदत मिळत नाही, ते मागून घ्या. श्रमजीवी संघटनेची माणसं भिवंडी-शहापुरात आहेत, त्यांना ही वाट पाठ आहे.

पोराला उद्याच दवाखान्यात न्या. 108 ला भट्टीचा पत्ता सांगताना जवळच्या रस्त्याची खूण द्या, भट्टीला पाटी नसते.